तीन वेळा विकायला निघालेलं रेडिओजाळं: एक प्रकरण अभ्यास

हा अभ्यास एका खऱ्या विक्रीचा आहे. मुंबईत मुख्यालय असलेली एक प्रसारण कंपनी देशभर ५८ खासगी एफएम स्टेशनं चालवत होती. २०१६ ते २०२४ या काळात तिचा रेडिओ व्यवसाय तीन वेळा विकायला निघाला. पहिल्या दोन वेळा सौदा जाहीर झाला आणि मोडला. तिसऱ्या वेळी विक्री झाली, पण तोवर निर्णय विकणाऱ्याच्या हातून गेला होता. गिऱ्हाईक कोण आणि किंमत किती, हे धनकोंनी मतदानानं ठरवलं आणि न्यायाधिकरणानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

कंपन्यांची नावं मी घेतलेली नाहीत. या धंद्यात वावरणाऱ्यांना ती लगेच ओळखू येतील आणि इतरांना त्यांची गरज नाही. आकडे आणि तारखा त्या त्या वेळी जाहीर झालेल्या आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की एफएम स्टेशन विकणारा मालक मुदतीची सरकारी परवानगी विकत असतो, आणि ती मुदत रोज एका दिवसानं कमी होते. हे डोळ्यांसमोर ठेवलं तर या प्रकरणातले बरेचसे निर्णय वेगळे दिसू लागतात.

## पार्श्वभूमी

खासगी एफएमची सुरुवात १९९९ च्या धोरणानं झाली. पहिलं खासगी स्टेशन जुलै २००१ मध्ये बंगळूरला लागलं. त्या पहिल्या टप्प्यात परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जाई. जाहिरातीचं उत्पन्न त्या वेगानं वाढणं शक्यच नव्हतं. बऱ्याच बोलीदारांनी स्टेशन सुरू न करताच काढता पाय घेतला, आणि जे टिकले ते तोट्यात अडकले.

२००५ च्या दुसऱ्या टप्प्यानं हे गणित बदललं. एकदाच भरायचं प्रवेश शुल्क, त्यानंतर उत्पन्नातला वाटा आणि दहा वर्षांची परवानगी, अशी नवी रचना आली. आपली विक्रेता कंपनी याच टप्प्यात २००६ साली मैदानात उतरली आणि एका दमात ४५ शहरांत पोहोचली. महानगरं होतीच, पण सोलापूर आणि पणजीसारखी शहरंही होती. तिची खरी ताकद या दुसऱ्या यादीत होती असं माझं मत आहे. महानगरात श्रोत्याला सात-आठ स्टेशनांतून निवड करता येते. छोट्या शहरात सकाळच्या शोचा आरजे गावाला नावानं माहीत असतो आणि सराफापासून कोचिंग क्लासपर्यंत सगळे जाहिरातदार त्याच गावातले असतात.

तिसऱ्या टप्प्याचं धोरण २०११ मध्ये आलं, पण लिलाव व्हायला २०१५ उजाडलं. त्यात दिल्लीची एक फ्रिक्वेन्सी १६९ कोटींच्या पुढे आणि मुंबईची एक १२२ कोटींच्या पुढे गेली. जुन्या स्टेशनांना शुल्क भरून नव्या टप्प्यात यायचं होतं. तसं स्थलांतर केलेल्या परवानग्यांची मुदत १ एप्रिल २०१५ पासून पंधरा वर्षं, म्हणजे मार्च २०३० अखेरपर्यंत ठरली. तिसऱ्या टप्प्यात आणखी स्टेशनं घेऊन कंपनीचा आकडा ५८ वर गेला.

मार्च २०३० ही तारीख लक्षात असू द्या.

## विकायला काय होतं

रेडिओ स्टेशन म्हटलं की स्टुडिओ, मिक्सर आणि माइक डोळ्यांपुढे येतात. विक्रीच्या टेबलावर या सामानाची किंमत नगण्य असते. स्टुडिओची जागा बहुधा भाड्याची असते. ट्रान्समीटर स्वतःचा असला तरी तो शहरातल्या सामाईक प्रक्षेपण केंद्रात असतो आणि मनोरा पुष्कळ ठिकाणी प्रसार भारतीचा. गाण्यांवर मालकी नसते, वाजवण्यासाठी रॉयल्टी भरावी लागते. आरजे कंत्राटावर असतात आणि शेजारच्या स्टेशनानं चार पैसे जास्त दिले की निघून जातात.

मग गिऱ्हाईक पैसे कशाचे मोजतो? माहिती व प्रसारण मंत्रालयाबरोबर झालेल्या परवानगी कराराचे. तो करार परस्पर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मालकी बदलायची तर आधी मंत्रालयाची संमती लागते. परवानगी घेतल्यानंतर ठरावीक काळ मुख्य भागधारकाला आपला हिस्सा सोडता येत नाही, याला लॉक-इन म्हणतात. एका शहरात एका मालकाच्या हाती किती फ्रिक्वेन्सी असाव्यात यावर बंधन आहे: एकूण चॅनेलच्या ४० टक्क्यांहून जास्त नाहीत, आणि शहरात किमान तीन वेगळे चालक उरले पाहिजेत. देशपातळीवरही एकूण चॅनेलपैकी १५ टक्क्यांची मर्यादा होती. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये काढून टाकली गेली, तोवर या व्यवसायातल्या प्रत्येक मोठ्या खरेदीचा हिशेब तिच्या चौकटीतच मांडावा लागे.

शिवाय वार्षिक शुल्काचा नियम आहे. ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा प्रवेश शुल्काच्या २.५ टक्के, यांतली मोठी रक्कम भरायची. ज्या शहरात बोली चढी लागली तिथे धंदा बसला तरी शुल्क एका रकमेखाली उतरत नाही. गिऱ्हाईक हे सगळं पाहून किंमत लावतो.

## अडचण

कंपनीच्या मूळ समूहावर कर्जाचा डोंगर होता. समूहानं मुख्य व्यवसाय सोडून बाकीच्यातून बाहेर पडायचं ठरवलं आणि माध्यमं त्या बाकीच्यांत मोडली. म्हणजे विक्रीचं मूळ कारण रेडिओच्या वहीत नव्हतं. पैसा समूहाला हवा होता आणि तो एका ठरावीक वेळेत हवा होता.

इथेच पेच पडला. विकणाऱ्याला घाई होती, पण विक्रीचा वेग मंत्रालयाच्या हातात होता. ज्याला घाई आहे त्याच्याकडे वेग ठरवायचा अधिकार नाही, हे गिऱ्हाइकालाही दिसत होतं.

तिकडे स्टेशनांवर वेगळीच चिंता. स्टेशन विकलं जाणार ही बातमी फुटली की पहिला धक्का विक्री विभागाला बसतो. एफएमवर वेळ दहा सेकंदांच्या दरानं विकली जाते. मोठे ब्रँड एजन्सीमार्फत अनेक शहरांचं एकत्र बुकिंग करतात, गावातले दुकानदार थेट येतात आणि गणपती, दसरा, दिवाळीचा वेळ आधीच बोलून ठेवतात. मालक बदलणार असं कळलं की एजन्सी वार्षिक कराराऐवजी महिन्याचं बुकिंग करते आणि दुकानदार आगाऊ रक्कम द्यायला कां-कूं करतो. चांगला आरजे मनात दुसरीकडचा हिशेब मांडू लागतो. ताळेबंदात यातलं काहीच तिमाही संपेपर्यंत उमटत नाही, पण कोणती जाहिरात कधी वाजणार हे ठरवणाऱ्या ट्रॅफिक विभागाच्या रोजच्या लॉगमध्ये रिकामे स्लॉट दिसू लागतात. विक्रीच्या काळात स्टेशनाची तब्येत पाहायची असेल तर मी आधी तो लॉग मागवीन.

## पुढ्यातले पर्याय

बाहेरून पाहता कंपनीपुढे चार वाटा होत्या.

एक, सगळं जाळं एकाच गिऱ्हाइकाला देणं. रक्कम मोठी आणि बोलणी एकाच टेबलावर. पण एवढी रक्कम मोजू शकणारे बहुतेक रेडिओतच असणार, म्हणजे त्यांच्याकडे त्याच शहरांत आधीच स्टेशनं असणार आणि शहरांची मर्यादा आड येणार.

दोन, तुकडे करून विकणं. कोकण-गोव्याचं एकाला, पंजाबचं दुसऱ्याला, असं. याचं उदाहरण त्या काळात ताजं होतं. सात स्टेशनं असलेल्या एका टीव्ही कंपनीनं २०१५ च्या सुमारास ती सगळी एका मोठ्या रेडिओ कंपनीला द्यायचं ठरवलं होतं. अमृतसर, जोधपूर, पतियाळा आणि सिमला या चार स्टेशनांचा व्यवहार पार पडला. दिल्ली, मुंबई आणि कोलकात्याला मंजुरी मिळाली नाही, कारण घेणाऱ्याकडे तिथे आधीच स्टेशन होतं. महानगरांतली ती तीन स्टेशनं विकणाऱ्याच्याच गळ्यात राहिली आणि पुढे अनेक वर्षं तोटा देत राहिली. २०२५ च्या सुरुवातीला त्यांना टाळं लावायचा निर्णय जाहीर झाला आणि मगच त्यांना गिऱ्हाईक मिळालं. छोटी शहरं अडचण आणि महानगरं मालमत्ता अशी सर्वसाधारण समजूत असते. मंजुरीच्या दारात ती उलटी पडली.

तीन, आधी अल्प हिस्सा विकून पैसा उभा करणं आणि लॉक-इन सरल्यावर उरलेला देणं.

चार, काही न विकता खर्च उतरवणं. तिसऱ्या टप्प्यानं स्वतःच्या जाळ्यात एकाच कार्यक्रमाचं प्रसारण वाटायला मोकळीक दिली होती, त्यामुळे रात्रीचे शो एका ठिकाणाहून चालवून छोट्या शहरांचा खर्च कमी करता येत होता. ही वाट कंपनीनं काही प्रमाणात चालूनही पाहिली. पण त्यानं समूहाचं कर्ज फिटणार नव्हतं, आणि गावातला आवाज काढून घेतला की स्टेशनाचा जो गुण विकायचा तोच पातळ होतो.

## पहिला प्रयत्न: ४९ टक्के

नोव्हेंबर २०१६ मध्ये तिसरी वाट निवडली गेली. एका मोठ्या दूरचित्रवाणी समूहाला टीव्ही वाहिन्या पूर्ण द्यायच्या आणि रेडिओचा ४९ टक्के हिस्सा द्यायचा, लॉक-इन संपल्यावर उरलेल्या हिश्शाचं पाहायचं, असा करार झाला. टीव्ही धरून सगळ्या व्यवहाराचं मूल्य सुमारे १,९०० कोटी सांगितलं गेलं.

त्या वेळी परवानगीची तेरा वर्षांहून जास्त मुदत शिल्लक होती आणि रेडिओच्या जाहिराती वाढत होत्या. तिन्ही प्रयत्नांतली ही सर्वांत चांगली वेळ होती.

टीव्हीचा भाग पुरा झाला. रेडिओचा भाग पुढे सरकला नाही आणि अखेर रद्द झाला. या टप्प्यावर मला एक निर्णय खटकतो. दोन्ही व्यवसाय एका घोषणेत बांधलेले होते, पण त्यांची पूर्तता स्वतंत्र होऊ शकत होती. गिऱ्हाइकानं जे सहज मिळत होतं ते घेतलं. जे अवघड होतं ते सोडण्याची किंमत त्याला मोजावी लागली नाही. टीव्ही वाहिन्या हे विकणाऱ्याच्या हातातलं हुकमी पान होतं आणि ते पहिल्याच डावात खर्ची पडलं. टीव्हीचा शेवटचा हप्ता रेडिओच्या मंजुरीशी जोडला असता, किंवा मंजुरीसाठी घेणाऱ्यानंही ठरावीक काळ पाठपुरावा करायचा अशी बांधिलकी लिहून घेतली असती, तर दुसऱ्या फेरीत कंपनी इतकी मोकळ्या हातानं उतरली नसती.

## दुसरा प्रयत्न: १,०५० कोटी

मे २०१९ मध्ये गिऱ्हाईक रेडिओतलंच मिळालं. ३९ स्टेशनं असलेली, एका मोठ्या वृत्तपत्र समूहाची कंपनी. मूल्य १,०५० कोटी. आधी नव्या समभागांतून २४ टक्के हिस्सा २०२ कोटींना, आणि सर्व मंजुऱ्या आल्यावर बाकीचा. विक्रेत्याची ४० स्टेशनं तिच्याकडे जाऊन एकूण ७९ होणार होती. उरलेली स्टेशनं व्यवहाराबाहेर राहणार होती.

कागदावर हा जोडा उत्तम होता. एकाची पकड जिथे सैल तिथे दुसऱ्याची घट्ट. रेडिओ जाणणाऱ्या मालकाच्या हातात गेलं तर स्टेशनांवरची माणसंही बरीचशी टिकतात, कारण घेणाऱ्याला त्या शहरात नव्यानं माणसं जमवायची नसतात. या तिन्ही प्रयत्नांत श्रोत्यांच्या आणि आरजेंच्या दृष्टीनं हाच सर्वांत चांगला होता असं मला वाटतं, आणि तो मोडल्याचं दुःखही सर्वांत जास्त आहे.

पण रचना पुन्हा तीच. सगळं वजन मंत्रालयाच्या मंजुरीवर, आणि ती ठरलेल्या मुदतीत आली नाही तर काय, याचं उत्तर फक्त ‘करार संपला’. घेणाऱ्यासाठी हे कलम सुरक्षित होतं. विकणाऱ्यासाठी तो कडेलोट होता, कारण समूहाची स्थिती दर महिन्याला बिघडत होती. त्याच समूहाच्या वित्त कंपनीवर पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं प्रशासक नेमला. २०१९ च्या उत्तरार्धात वाट पाहणाऱ्या दोन बाजूंपैकी एकीलाच वाट पाहणं परवडत होतं.

मग मार्च २०२० उजाडला. टाळेबंदीत रेडिओ अत्यावश्यक सेवा म्हणून चालू राहिला. आरजेंनी घरातून शो केले, शहरोशहरी दवाखान्यांची, वाण्याच्या दुकानांच्या वेळांची माहिती दिली. लोक ऐकत होते, पण दुकानंच बंद म्हटल्यावर जाहिरात कोण देणार? उद्योगाच्या वार्षिक अहवालातल्या अंदाजानुसार देशातल्या रेडिओचं उत्पन्न २०१९ मध्ये सुमारे ३,१०० कोटी होतं. २०२० मध्ये ते १,४०० कोटींवर आलं, म्हणजे निम्म्याहून खाली.

मंजुरी मुदतीत आली नाही. २०२० मध्ये हा सौदाही संपला.

कोरोनामुळे सौदा मोडला असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. सौदा मे २०१९ चा होता आणि टाळेबंदी मार्च २०२० ची. मधल्या दहा महिन्यांत मंजुरी आली असती तर घेणाऱ्याला, मनात असो वा नसो, पुढे जावं लागलं असतं. कोरोनानं किंमत पाडली आणि घेणाऱ्याला बाहेर पडायची इच्छा दिली. बाहेर पडायचं दार मात्र करारातच होतं.

## तिसरा प्रयत्न: न्यायाधिकरण

फेब्रुवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठानं कंपनीविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. त्या दिवसापासून संचालक मंडळाचे अधिकार स्थगित झाले आणि कारभार निराकरण व्यावसायिकाकडे, म्हणजे धंद्याच्या भाषेत ‘आरपी’कडे गेला. निर्णय धनकोंच्या समितीचे. नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम २९-अ मुळे थकबाकीदार जुन्या प्रवर्तकाला बोली लावता येत नाही. तो आता प्रेक्षक झाला.

या टप्प्यावर एक प्रश्न सर्वांत नाजूक होता. कंपनी दिवाळखोरीत गेली म्हणून सरकार परवानगी काढून घेईल का? ती गेली तर विकायला उरणार काय? संहितेच्या कलम १४ मधल्या स्पष्टीकरणानं याचं उत्तर दिलेलं आहे: चालू काळातली देणी वेळेवर भरली जात असतील तर केवळ दिवाळखोरीच्या कारणावरून परवाना वा परवानगी रद्द करता येत नाही. हे स्पष्टीकरण २०२० साली घातलं गेलं. एफएमसारख्या व्यवसायासाठी त्याचं मोल फार मोठं आहे. पण त्याची अट नीट वाचा. चालू देणी भरायची. म्हणजे आरपीला सर्वांत आधी परवाना शुल्क, मनोऱ्याचं भाडं, वीज आणि स्पेक्ट्रमचे पैसे सांभाळायचे, आणि त्यासाठी स्टेशनं रोज वाजत राहायला हवीत. आवाज बंद पडला की उत्पन्न बंद, उत्पन्न बंद की शुल्क थकणार, आणि शुल्क थकलं की परवानगीवरचं छत्र गेलं.

रोजचं प्रसारण चालू ठेवणाऱ्या साउंड इंजिनिअरनं, सकाळी सहाला माइकवर बसणाऱ्या आरजेनं आणि दारोदार हिंडणाऱ्या सेल्सच्या पोरांनी धनकोंची मालमत्ता अक्षरशः जिवंत ठेवली. वाटणीच्या क्रमात मात्र ही माणसं एका रांगेत नसतात. कामगारांची २४ महिन्यांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीनं येतात, इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची त्यानंतर. कंत्राटावरचा आरजे बहुतेक वेळा कर्मचारी म्हणून धरलाच जात नाही. तो पुरवठादारांच्या, म्हणजे व्यावहारिक धनकोंच्या गर्दीत जातो, जिथे हाती फारसं लागत नाही. ज्याच्या आवाजावर स्टेशन ओळखलं जातं तो हिशेबात झेरॉक्सवाल्याच्या शेजारी बसतो. हे अन्यायाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

अंतिम शर्यतीत तीन दावेदार उरले: देशातली एक आघाडीची रेडिओ कंपनी, नागपूरच्या एका उद्योगसमूहाची रेडिओ कंपनी आणि माध्यम क्षेत्रातली एक तुलनेनं नवी कंपनी. कंपनी ताब्यात घेण्याची योजना मंजूर व्हायला समितीत ६६ टक्के मतं लागतात. तिसऱ्या कंपनीच्या योजनेला त्याहून बरीच जास्त मिळाली. मे २०२४ मध्ये न्यायाधिकरणानं ती मंजूर केली. रक्कम २६१ कोटी.

संहितेत ही सगळी प्रक्रिया १८० दिवसांत, आणि फार तर ३३० दिवसांत संपायला हवी. इथे चौदा महिन्यांहून जास्त लागले. मंजुरी आणि प्रत्यक्ष ताबा यांच्या मध्ये आणखी काळ गेला.

## निष्पत्ती

२०१९ मध्ये १,०५० कोटी, २०२४ मध्ये २६१ कोटी. जवळपास चौथा हिस्सा. दोन्ही आकडे एकाच मापाचे नाहीत हे मान्य. व्यवहारांची रचना वेगळी, समाविष्ट स्टेशनं वेगळी, कर्जाची वागणूक वेगळी. तरी दिशा स्पष्ट आहे.

घसरणीची कारणं सांगताना मोबाइल, पॉडकास्ट आणि गाण्यांची ॲपं यांवर बोट ठेवलं जातं. ती कारणं खरी आहेत. पण मार्च २०३० ची तारीख घेऊन मोजलं तर आणखी एक कारण दिसतं. पहिल्या प्रयत्नाच्या वेळी गिऱ्हाइकाला तेरा वर्षांहून जास्त मुदत मिळत होती. दुसऱ्या वेळी अकरा वर्षांना थोडी कमी. तिसऱ्या वेळी सहा वर्षांनाही थोडी कमी. जाहिरातीचा बाजार अगदी २०१६ सारखा राहिला असता, तरीही २०२४ च्या गिऱ्हाइकानं २०१६ ची किंमत दिली नसती. देणं शहाणपणाचंही नव्हतं.

जमेच्या बाजूला एक मोठी गोष्ट आहे. जाळं फुटलं नाही. कंपनी मोडीत निघाली असती तर परवानग्या सरकारकडे परत गेल्या असत्या आणि सोलापूरसारख्या शहरात एक आवाज कायमचा कमी झाला असता. दिवाळखोरीच्या प्रक्रियेवर बरीच टीका होते, पण या प्रकरणात तिनं स्टेशनं हवेत ठेवली.

## वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, मंजुरीचं काम कराराच्या आधी सुरू करता आलं असतं. मंत्रालयाकडची थकबाकी, शहरागणिक मर्यादेचा तक्ता, भागधारकांची रचना, लॉक-इनच्या तारखा हे सगळं विक्रीला निघण्यापूर्वी स्वच्छ करून ठेवायचं. गिऱ्हाईक कोणीही आला तरी यातले बरेच कागद तेच लागतात. २०१६ ला हे झालं असतं तर २०१९ ला निम्मी धाव वाचली असती.

दुसरं, कराराची शेवटची तारीख ठेवताना ती चुकली तर पुढची पायरी कोणती हे लिहायला हवं होतं. दहा महिन्यांत पूर्ण जाळ्याला मंजुरी आली नाही तर ज्या शहरांत घेणाऱ्याचं स्टेशनच नाही तेवढ्यांचा व्यवहार आधी करायचा, अशी पायरी ठेवता आली असती. टीव्ही कंपनीच्या त्या चार छोट्या स्टेशनांनी ही वाट चालण्याजोगी असल्याचं दाखवलं होतं. अर्थात घेणाऱ्यानं त्यासाठी दर पाडला असता. पण २०२४ मध्ये मिळालेल्या दराशी तुलना करता तो पाडलेला दरही वाईट ठरला नसता.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे. छोट्या शहरांतली स्टेशनं त्या त्या भागातल्या माणसांना विकण्याचा विचार गंभीरपणे झालेला दिसत नाही. २०१६ किंवा २०१९ मध्ये ते अवघड होतं हे खरं. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये मंत्रालयानं क आणि ड गटातल्या, म्हणजे छोट्या शहरांसाठी पात्रतेची अट दीड कोटींच्या निव्वळ मत्तेवरून एक कोटीवर आणली. त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, दिवाळखोरी नियमांतही बदल झाला होता: संपूर्ण कंपनीसाठी योजना आली नाही तर एकेका मालमत्तेसाठी वेगळ्या योजना मागवता येऊ लागल्या. या प्रकरणात संपूर्ण कंपनीसाठी बोली आल्यामुळे ते दार उघडावं लागलं नाही. पण दिवाळखोरीत जाण्याआधीचे काही महिने कंपनी स्वतःच्या हातात असताना एखादं जिल्ह्याचं वर्तमानपत्र, एखादी शिक्षणसंस्था, एखादा स्थानिक उद्योजक यांच्याशी एकेका स्टेशनाची बोलणी करता आली असती. तालुक्याच्या बाजारपेठेत ज्याचं रोजचं येणं-जाणं आहे तो मालक दहा सेकंदांचा स्पॉट मुंबईच्या सेल्स टीमपेक्षा जास्त सहज विकतो. आणि ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, सप्टेंबर २०२३ मध्ये सुचवल्याप्रमाणे खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या द्यायची मुभा मिळाली, तर अशा मालकाच्या हातातलं स्टेशन गावासाठी फार मोलाचं ठरेल.

विरुद्ध बाजूचा मुद्दाही मांडायला हवा. तुकड्यांनी विकलं की राष्ट्रीय जाहिरातदाराला एका फोनवर पन्नास शहरं देण्याची ताकद जाते, आणि उत्पन्नाचा मोठा वाटा तिथून येतो. चांगली वीस स्टेशनं विकली गेल्यावर उरलेल्या अडतीसांचं काय, हा प्रश्न धनको नक्की विचारणार. त्यामुळे महानगरं आणि मोठ्या शहरांचा एक गठ्ठा, आणि राष्ट्रीय बुकिंगमध्ये जवळपास न येणारी शहरं सुटी, अशी विभागणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

चौथं, माणसांचं. तिन्ही वेळा जाहीर झालेल्या तपशिलात आकडे होते, हिस्सा होता, स्टेशनांची संख्या होती. स्टेशन चालवणाऱ्यांबद्दल एक ओळ नव्हती. प्रत्येक स्टेशनातल्या चार-पाच कळीच्या माणसांना, म्हणजे सकाळचा आरजे, प्रोग्रामिंग सांभाळणारा, स्थानिक विक्रीप्रमुख आणि इंजिनिअर यांना, व्यवहार पुरा होईपर्यंत थांबल्यास ठरावीक रक्कम देण्याचं लेखी आश्वासन देता येतं. पन्नास-साठ स्टेशनांचा तो खर्च सौद्याच्या मानानं अगदी किरकोळ ठरतो. कंत्राटावरच्या आरजेंची थकबाकी दर महिन्याला शून्यावर ठेवायची, म्हणजे पुढे काहीही झालं तरी ते धनकोंच्या रांगेत शेवटी उभे राहणार नाहीत.

आता चेंडू नव्या मालकाकडे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २३४ नव्या शहरांतल्या ७३० चॅनेलच्या लिलावाला मान्यता दिली, तिथे वार्षिक शुल्क ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के एवढंच, प्रवेश शुल्काशी न बांधता. जुन्या परवानग्यांचं मार्च २०३० नंतर काय होणार, मुदत वाढणार की पुन्हा लिलाव, यावर त्या ५८ स्टेशनांचं पुढचं मोल ठरेल. ट्रायनं सप्टेंबर २०२३ च्या शिफारशींमध्ये सध्याच्या परवानग्यांना मुदतवाढ देऊ नये असं म्हटलं होतं. नव्या मालकानं यातली काही स्टेशनं पुढे विकायचं मनात आणलं, तर त्याची पहिली फाइल मंत्रालयात आजच पोहोचायला हवी.